चार रुपयांची नोकरी, लाखमोलाचे काम : जाईबाई चौधरी

नागपूर ही आपल्या चळवळीची भूमी. दीक्षाभूमीमुळे ती साऱ्या जगाला माहीत झाली. पण १९५६ सालच्या त्या सोनेरी दिवसाच्या आधी कित्येक वर्षे या शहरात अनेकांनी जमीन नांगरून ठेवली होती, म्हणूनच पुढे पीक आले, हे आपण विसरता कामा नये. त्या नांगरणाऱ्यांत पुरुष होते तशा बायाही होत्या. पुरुषांची नावे आपण जयंतीच्या सभेत तरी घेतो. बायांची नावे मात्र एखाद्या जाणत्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडूनच ऐकावी लागतात. असेच एक नाव जाईबाई चौधरी यांचे. आमच्या पिढीने ते ऐकले आहे. आजच्या पोरापोरींनी ते ऐकावे, आणि नुसते ऐकू नये तर आपल्या नोकरीधंद्यात त्याचा उपयोग करावा, म्हणून हा लेख.

उपयोग कसा, तेही आधीच सांगून टाकतो. आज आपल्या घराघरांत कोणी शिक्षिका आहे, कोणी नर्स आहे, कोणी ऑफिसात बाबू आहे, कोणी कंपनीत आहे, कोणी घरकाम करते, कोणी बांधकामावर जातो. या सगळ्यांच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी येतोच : आपण करतो त्या कामाची किंमत काय, आणि ती ठरवायची कोणी? साहेबाने? मालकाने? शेजारच्या टेबलावर बसून कुजबुजणाऱ्याने? की ज्याचे काम त्याने? या प्रश्नाचे उत्तर जाईबाईंनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या जगण्यातून देऊन ठेवले आहे.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. उमरेड आपल्या नागपूरच्या आग्नेयेला, साधारण ४५ किलोमीटरवर. घर महाराचे. म्हणजे गावाच्या कामाला सर्वांत आधी आणि गावाच्या पाणवठ्यावर कधीच नाही, असे. त्या चार वर्षांच्या असताना १८९६ चा दुष्काळ पडला. तो दुष्काळ काही एका तालुक्याचा नव्हता, हिंदुस्थानच्या मोठ्या भागाला त्याने होरपळून काढले. ज्यांच्यापाशी जमीन नाही, साठवलेले धान्य नाही, त्यांनी काय करावे? गाव सोडावे. जाईबाईंचे कुटुंबही पोटासाठी नागपूरला आले.

तेव्हाचे नागपूर बदलत होते. १८६७ मध्येच मुंबईची रेल्वे इथे पोहोचली होती. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. शेजारी कामठीला इंग्रजांची छावणी होती. रेल्वे, गिरणी, छावणी, बिड्या. गावकीतून सुटलेल्या आपल्या माणसांना इथे रोख पैशाचे काम मिळू लागले. कष्ट मरणाचे होते, पण संध्याकाळी हातात पडणारा पैसा हा बलुत्याचा शिळा तुकडा नव्हता. कष्टाला रोख दाम असतो हे आपल्या लोकांना पहिल्यांदा कळले ते अशाच ठिकाणी.

१९०१ मध्ये, म्हणजे नवव्या वर्षी, जाईबाईंचे लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झाले. सासरीही गरिबीच होती. घर चालवायचे तर बाईनेही हातपाय हलवले पाहिजेत. तेव्हा जाईबाईंनी हमाली पत्करली. कामठी आणि नागपूर या दोन स्टेशनांदरम्यान लोकांचे सामान डोक्यावर घेऊन त्या चालत. कामठी ते नागपूर हे अंतर चौदा-पंधरा किलोमीटरचे. आज आपण ऑटोत बसून अर्ध्या तासात जातो. डोक्यावर ट्रंक घेऊन, नागपूरच्या उन्हात, ते चालायचे म्हणजे काय, हे वाचकांनीच मनात आणून पाहावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जाईबाईंची गोष्ट सांगताना पुष्कळ जण हमालीचा उल्लेख असा करतात, जणू ती काही लपवण्याची गोष्ट होती आणि त्यातून त्या कशाबशा सुटल्या. आम्हाला तसे वाटत नाही. डोक्यावरचे ओझे इमानाने जागेवर पोहोचवणे हेही कामच आहे. ज्या बाईने ते केले तिला घाम म्हणजे काय आणि दाम म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय समजले. पुढे त्यांनी जे केले त्याचा पाया तिथेच पडला असावा.

या हमाली करणाऱ्या बाईकडे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंचे लक्ष गेले. त्यांनी जाईबाईंना आपल्या मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतले. पगार दरमहा ४ रुपये. रक्कम आज हसू येण्याजोगी वाटेल. तेव्हाही ती फार मोठी नव्हती. पण विचार करा, ज्या जातीच्या मुलाला शाळेच्या पायरीवर बसवत होते त्या जातीची एक बाई फळ्यासमोर उभी राहून मुलांना अक्षरे शिकवत होती. काल जिच्या डोक्यावर लोकांचे गाठोडे होते तिच्या हातात आज खडू होता.

मग जे व्हायचे तेच झाले. वर्गात शिकवणारी बाई अस्पृश्य आहे ही गोष्ट सवर्ण पालकांना कळली. गवगवा झाला, विरोध झाला, आपली मुले तिच्या हाताखाली शिकणार नाहीत असा हट्ट झाला. शेवटी जाईबाईंची नोकरी गेली.

या ठिकाणी आम्ही वाचकांना क्षणभर थांबायला सांगतो, कारण लेखाचा गाभा इथेच आहे. तक्रार काय होती? बाईंना वाचता येत नाही, अशी होती का? त्या उशिरा येतात, मुलांना मारतात, धडा नीट समजावत नाहीत, अशी होती का? नव्हती. तक्रार फक्त जन्माची होती. ज्या दिवसापर्यंत जात माहीत नव्हती त्या दिवसापर्यंत तेच शिकवणे चालत होते, आणि जात कळताच तेच शिकवणे बाटले. म्हणजे नोकरी गेली तरी जाईबाईंच्या शिकवण्याच्या गुणाला धक्का लागला नव्हता. नोकरी देणाऱ्याची होती, ती गेली. गुण जाईबाईंचा होता, तो त्यांच्याबरोबर घरी आला.

पण हा फरक अपमानाच्या वेळी लक्षात येणे सोपे नसते. माणूस खचतो. आपल्यातच काही कमी असेल असे त्याला वाटू लागते. अशा वेळी कितीतरी गुणी माणसे पुन्हा मान खाली घालून जुन्या कामाला लागली असतील, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात नाहीत.

हे एकट्या जाईबाईंच्याच वाट्याला आले असेही नाही. खुद्द बाबासाहेब घ्या. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून, करारानुसार ते १९१७ मध्ये बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू झाले. तिथे राहायला जागा मिळेना, हाताखालचे शिपाई कागद लांबून फेकत. ती नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातून पाणी पिण्यावरून कुरकुर झालीच. एकीकडे ४५० रुपयांचा प्राध्यापक, दुसरीकडे ४ रुपयांची शिक्षिका. पण दुखणे एकच. बाबासाहेबांनी काय केले? आपल्या अभ्यासावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी पैसे साठवले, १९२० मध्ये नोकरी सोडली, पुन्हा लंडन गाठले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले. पुढे १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे सांगितली त्यांत हेही होते की अर्थशास्त्राचा अभ्यासक असूनही आपल्याला आर्थिक कामाच्या समितीवर घेतले नाही आणि नियोजनाचे खाते दिले नाही. हिंदू कोड बिलाचे कारण आपल्याला माहीत असते, हे कारण मात्र आपण फारसे सांगत नाही. आपल्याला काय येते हे ठामपणे सांगायला बाबासाहेब कधी लाजले नाहीत.

आता पुन्हा जाईबाईंकडे वळू. नोकरी गेल्यानंतरच्या काळात त्यांचा संबंध किसन फागोजी बनसोडे यांच्याशी आला. बनसोडे म्हणजे मोहप्याचे, कवी, पत्रकार, स्वतःचा छापखाना चालवणारे कार्यकर्ते. एम्प्रेस मिलच्या कामगारांत ते वावरत, १९१८ मध्ये त्यांनी मजूर पत्रिका नावाचे पत्र काढले होते. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे मत बाबासाहेबांपेक्षा वेगळे राहिले हे खरे, तरीपण नागपूरच्या अस्पृश्य समाजाला जागे करण्याचे त्यांचे श्रेय कोणी नाकारू शकत नाही. अशा माणसाच्या सहवासात जाईबाईंच्या मनातले दुःख कामाला लागले.

१९२२ मध्ये जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा सुरू केली. त्या काळी आपला समाज चोखोबाच्या नावाभोवती एकत्र येत होता, म्हणून शाळेला ते नाव. सवर्णांच्या मुलांना जिने शिकवू नये असे ठरले, तिने आपल्याच मुलींना शिकवायला घेतले.

मुलींची शाळा, तीही अस्पृश्य वस्तीत, तीही १९२२ मध्ये! मुलगी म्हणजे घरातला कामाचा हात. ती धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, शेण गोळा करते, आईबरोबर बिड्या वळते. तिला दोन तास शाळेत पाठवा म्हणणे म्हणजे गरीब घराला दोन तासांचे नुकसान सोसा म्हणणे. त्यात मुलगी शिकून काय करणार, हा प्रश्न पुरुषांचाच नाही तर बायांचाही. अशा दिवसांत शाळा चालवायची तर नुसता फळा आणि खडू असून भागत नाही, दारोदार फिरून माणसाचे मन वळवावे लागते. ते काम हमाली केलेली बाईच करू जाणे. पोट कसे जळते हे तिला माहीत होते, म्हणून तिचे म्हणणे बायांना पटण्यासारखे होते.

आपल्या गुणाची किंमत ओळखणे म्हणजे आरशासमोर उभे राहून मी मोठी, मी शहाणी असे घोकणे नव्हे. तो गुण वाया जाऊ न देणे, दुसऱ्याने दार लावले तर स्वतःचे दार उघडणे, आणि त्या दारातून आणखी चार जणींना आत घेणे, याला किंमत ओळखणे म्हणतात. जाईबाईंनी हेच केले.

तरी अपमान संपला नव्हता. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. देशभरच्या शिकल्या-सवरलेल्या, मोठ्या घरच्या बाया आल्या होत्या. जाईबाई आणि आपल्या समाजाच्या इतर भगिनीही गेल्या. आता त्या कोणी साध्या बाई नव्हत्या, पंधरा वर्षांपासूनच्या शाळेच्या संस्थापिका होत्या. पण जेवणाच्या वेळी त्यांची पंगत वेगळी लावण्यात आली. व्यासपीठावर स्त्रियांच्या हक्काची भाषणे आणि पानावर जात! आपल्या बायांनी हा घास मुकाट्याने गिळला नाही. १९३८ च्या सुरुवातीलाच नागपुरात दलित स्त्रियांनी सभा घेऊन या वागणुकीचा जाहीर निषेध केला. आपल्या बायांनी आपले वेगळे संघटन केले पाहिजे ही भावना त्यातून अधिकच पक्की झाली.

मिशनच्या शाळेतून निघाल्या तेव्हा जाईबाई एकट्या होत्या. १९३८ मध्ये त्यांच्यामागे सभा होती. हा फरक मोठा आहे. एकट्याचा अपमान घरात रडून संपतो, दहा जणींनी मिळून मांडला की तो प्रश्न होतो.

आणि त्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९४२ च्या जुलैत १८ ते २० तारखांना नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. २० जुलैला स्त्रियांची वेगळी परिषद झाली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री म्हणून नुकतीच नेमणूक झाली होती. या स्त्रियांनी ठराव कोणते केले? घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी, मुलींसाठी वसतिगृहे हे होतेच. पण त्याबरोबर गिरणी, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, महिन्याची हक्काची रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षे नोकरी झाल्यावर महिना किमान १५ रुपये पेन्शन मागितली होती. गिरणीत बायांवर देखरेख करायला बाईच असावी असाही ठराव होता.

हे ठराव आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. ज्या बायांना गावकीत कामाबद्दल दोन भाकरी मिळायच्या आणि वर उपकाराची भाषा ऐकावी लागायची, त्यांच्याच लेकी आता रजा, भरपाई आणि पेन्शन यांचा आकडा मांडून बोलत होत्या. दया नको, आमच्या कामाचा हिशोब द्या, असा त्याचा अर्थ. आणि बाबासाहेबांनी मजूर मंत्री म्हणून पुढच्या चार वर्षांत कामगारांसाठी पगारी सुट्ट्या, खाणीतल्या बायांना बाळंतपणाचा लाभ आणि १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा केला, हे आपल्याला माहीत आहे.

तथागतांनीही हेच सांगून ठेवले आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराबद्दलची पाच कर्तव्ये आली आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, काही गोडधोड असेल तर त्यालाही वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा धम्म आणि १९४२ च्या नागपूरच्या बायांचे ठराव शेजारी ठेवून पाहा. त्याच सुत्तात कामगाराचीही पाच कर्तव्ये आहेत. आधी उठावे, नंतर झोपावे, दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाचे नाव राखावे. म्हणजे हक्काबरोबर चोख काम आलेच. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

आता थोडे आजचे बोलू. आपल्या वस्तीत हिंडताना आम्ही दोन प्रकारची माणसे पाहतो. एक प्रकार असा, की मिळाले तेच पुष्कळ म्हणून गप्प बसतो. दहा वर्षे झाली तरी सेवापुस्तक पाहत नाही, ज्येष्ठता यादीत आपला नंबर कितवा ते विचारत नाही, पगाराच्या चिठ्ठीतली कपात कशाची ते समजून घेत नाही. कोणी सीटवरून टोमणा मारला तर घरी येऊन जेवत नाही, पण ऑफिसात एक शब्द बोलत नाही. दुसरा प्रकार असा, की कोणी कामातली साधी चूक दाखवली तरी जातीवरून बोलला म्हणून उसळतो. आम्हाला दोन्ही प्रकार बरोबर वाटत नाहीत.

जाईबाईंच्या आयुष्यातून शिकायचे ते हेच, की टीका आपल्या कामाची आहे की जन्माची, हे आधी ओळखावे. कामाची असेल तर कान उघडे ठेवून ऐकावी, चूक दुरुस्त करावी. त्यात कमीपणा नाही. जन्माची असेल तर ती मनाला लावून घेऊ नये, पण सोडूनही देऊ नये. तिची तारीख-वेळ लिहून ठेवावी, संघटनेत मांडावी, कायद्याने दाद मागावी. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे. तो मागून घ्यावा, वाचावा, चुकीचा असेल तर लेखी उत्तर द्यावे. जे खासगीत आहेत त्यांनी आपण काय काय काम केले याची वही ठेवावी. घरकाम करणाऱ्या भगिनींनी महिन्यातल्या सुट्ट्या आणि पगार आधीच बोलून घ्यावा, आणि एकाच मोहल्ल्यात जाणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून बोलावा.

आणखी एक. ज्यांना गुण आहे त्यांनी तो आपल्यापुरता ठेवू नये. वस्तीतली निवृत्त शिक्षिका आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना शिकवू शकते. अकौंट जाणणारा भाऊ चार जणांना पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवू शकतो. नर्सताई मुलींना नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती देऊ शकतात. नोकरीतल्या माणसाची बदली होते, निवृत्ती होते, कधी अन्यायाने नोकरीही जाते. पण त्याने ज्यांना शिकवले ते राहतात.

जाईबाईंना ज्यांनी वर्गातून काढायला लावले त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. जाईबाईंचे नाव मात्र नागपुरात घेतले जाते. चार रुपये ही त्यांच्या नोकरीची किंमत होती. त्यांच्या कामाची किंमत किती, ते आज आपल्या घरांत शिकून उभ्या राहिलेल्या मुलींकडे पाहून प्रत्येकाने मोजावे, आणि आपल्या मुलीला उद्या सकाळी कामावर पाठवताना ताठ मानेने जायला सांगावे.

जय भीम!